सैल झाकणं

११ फेब्रुवारी

मागची नोंद कधीची आहे ते बघितलं आणि वही मिटून ठेवावीशी वाटली. मधल्या काळात नोकरी गेली, दोन नवी औषधं सुरू झाली, एक जुनं बंद झालं, आणि यातलं एक अक्षर इथे नाही. माफी कुणाची मागायची हेही कळत नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. तरी मागते. बोटं सुजलेली होती हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. जे घडत होतं ते माझ्याच अक्षरात मला बघायचं नव्हतं, हे जास्त खरं.

आज लिहायला बसले कारण अपंगत्व भत्त्याचा अर्ज आला आहे. चांगला जाडजूड. टेबलावर ठेवला आहे आणि सकाळपासून त्याच्या बाजूने जपून ये-जा करते आहे, झोपलेल्या कुत्र्याजवळून जावं तशी.

संधिवात म्हटलं की लोक म्हणतात, आमच्या आजीलाही होता. आजीचा वेगळा होता. माझ्यात माझंच रक्त माझ्याच सांध्यांवर उलटलं आहे, हे समजावून सांगायचं मी सोडून दिलं आहे. आजीला होता म्हणाले की मी विचारते, आता कशी आहे आजी? ती कधीच गेलेली असते. मग विषय बदलतो.

कापड तपासायच्या प्रयोगशाळेत होते मी. कापडाची पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत आवळायची, फाटेपर्यंत ताणायची, आकडा लिहायचा. उभं आयुष्य तेच केलं आणि आवडीने केलं. शेवटी शेवटी जबड्याचा स्क्रू मला पिळता येईना. निरोपाच्या दिवशी पुष्पगुच्छ दिला, तो माझ्या हातात टिकेना म्हणून शिपायाने धरला. फोटोत गुच्छ घेऊन हसताना शिपाई आहे. मी बाजूला.

दादाचं म्हणणं सरळ आहे. बाबांनी आता त्याच्याकडे जावं, हा फ्लॅट विकावा, आणि मी एखाद्या ‘चांगल्या संस्थेत’ राहावं. संस्थेचं माहितीपत्रकही पाठवलं आहे. मुखपृष्ठावर एक बाई खिडकीशी बसून हसते आहे, कशाला ते दिसत नाही. भत्ता मिळाला तर रोज काही तास मदतीला बाई ठेवता येईल आणि मी माझ्या घरात राहीन. बाबांनंतरही. एवढ्यासाठी हा अर्ज.

बाबांनी माझ्या पेनावर रबरी नळीचा तुकडा चढवून दिला आहे. जाड झालं, बोटं पूर्ण मिटावी लागत नाहीत. मी मागितलं नव्हतं. जन्मभर कारखान्यात फिटर होते, हाताला काहीतरी चाळा लागतो त्यांच्या.

१५ फेब्रुवारी

अर्ज भरला.

प्रश्नांची उत्तरं होय, नाही किंवा मदतीने. मधलं काही नाही. ‘कधी होय कधी नाही, आणि कधी होय म्हणाल्यावर पुढचे दोन दिवस नाही’ यासाठी चौकट ठेवलेली नाही. समासात लिहायला गेले तर वर सूचना, समासात लिहू नये.

‘आपण बंद डब्याचे झाकण स्वतः उघडू शकता का?’

नमुना तपासल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही. उठले, स्वयंपाकघरात गेले, चहाचा डबा उघडून बघितला. उघडला. साखरेचा उघडला. बिस्किटांचा तर हात लावल्याबरोबर. होय वर खूण केली. मन मात्र थोडं खाली बसलं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपण बऱ्या आहोत की काय, मग हा सगळा खटाटोप कशाला, असं येऊन गेलं.

कपडे? डोक्यावरून घालते. स्वेटरसुद्धा, कारण बाबा धुतलेले कपडे घडी घालताना बटणं लावूनच ठेवतात, फक्त वरची दोन उघडी. कितीदा सांगितलं, बटणं लावायची तर सगळी लावा. होय.

नळ? होय.

बाबांचं मात्र काळजीचं आहे. एक झाकण धड लावत नाहीत. साखरेला मुंग्या, बिस्किटं मऊ. नळ पूर्ण बंद करत नाहीत, मग टपटप चालू. माझ्या गोळ्या बाटलीतून काढून बशीत ओतून ठेवतात आणि त्या घरंगळतात. आज सकाळी बोललेच, “बाबा, झाकण म्हणजे टोपी नाही हो, नुसती डोक्यावर ठेवायला. फिरवायचं असतं.”

“राहिलं खरं,” म्हणाले.

“रोजच राहतं.”

“वय झालं.”

एवढं सरळ कबूल केलं. इतकी वर्षं ज्याच्या हातून एक बोल्ट सैल गेला नाही तो माणूस.

शेवटच्या पानावर प्रश्न आहे, घरात आपल्यावर कोणी अवलंबून आहे का. लिहिलं, ‘वृद्ध वडील. विसरभोळे होत चालले आहेत. त्यांच्याकडे मीच लक्ष देते.’ लिहिताना पाठ जरा ताठ झाली. नंतर वाटलं, हे लिहायची गरज होती का? पण विचारलं आहे आणि खरं आहे. खरं असेल तर लिहायला हवं.

२२ फेब्रुवारी

तपासणीचं पत्र आलं. तपासनीस घरी येणार.

खालच्या इस्त्रीवाल्या मावशींना सांगितलं. मावशींची खालच्या मजल्यावर लाँड्री आहे आणि शरीरात न मावणारी ताकद आहे. ओली चादर अशी पिळतात की चादरीची दया यावी.

“त्या दिवशी केस विंचरू नकोस,” त्या म्हणाल्या.

“का?”

“का म्हणजे? विंचरलेलं डोकं बघून कोण भत्ता देईल? माझ्या नणंदेने चार दिवस आंघोळ नव्हती केली. लगेच पास.”

“मावशी, ते खोटं झालं.”

“खोटं कसलं? खरंच नव्हती केली.”

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. चादरीची घडी घालत म्हणाल्या, “तू शिकलेली आहेस ना, म्हणून तुझं कठीण आहे.”

मी त्यांना सांगितलं, मी जशी आहे तशी दिसेन, त्यांनी बघावं आणि ठरवावं. मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे, म्हणजे आमच्या घराकडे, आणि म्हणाल्या, “बाबा असतील ना घरात त्या दिवशी?”

“असतील. का?”

“काही नाही. असू देत.”

४ मार्च

तपासनीस येऊन गेली.

काल बाबांनी घर झाडलं, मी बसून जेवढं पुसता येईल तेवढं पुसलं. रात्री अंग ठणकत होतं आणि वाटलं, उद्या उठवणारच नाही, बरंच आहे, दिसेल तरी. पण सकाळी डोळे उघडले तर महिन्यातून एखादा येतो तसा बरा दिवस उगवलेला. बोटं जवळजवळ मिटत होती. इतर कुठल्या दिवशी मी आनंदाने खिडकी उघडली असती. आज पलंगावर बसून स्वतःच्या बोटांना शिव्या घातल्या.

केस विंचरले. इस्त्रीचे कपडे घातले. परक्या माणसासमोर गबाळं बसायचं नाही, हे आईने हाडात मुरवलं आहे आणि हाडांचं काहीही झालं तरी ते तिथेच आहे.

तपासनीसबाई माझ्यापेक्षा लहान, आवाज मऊ, मांडीवर टॅबलेट. प्रश्न अर्जातलेच होते. मी उत्तरंही अर्जातलीच दिली. मधेच बाबा म्हणाले, “तिच्या हाताला ना, खरं म्हणजे…” आणि मी त्यांना थांबवलं, “बाबा, मला सांगू द्या.” माझी तपासणी आहे, माझं मला बोलता येतं.

“घरात मदत कोण करतं?” बाईंनी विचारलं.

“खास कुणी नाही. आम्ही दोघंच.”

बाबा खिडकीबाहेर बघत होते.

मग मी चहा विचारला. आलेल्या माणसाला कोरड्या तोंडाने जाऊ द्यायचं? त्या नको म्हणाल्या, मी आग्रह केला. बाबा ताडकन उठले, “मी करतो.” त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मी त्यांना खाली बसवलं. ते खुर्चीच्या कडेवर बसून राहिले, परीक्षेच्या हॉलबाहेर पालक बसतात तसे.

स्वयंपाकघरात भांड्यात तिघांपुरतं पाणी काढून ठेवलेलं होतं, कप मांडलेले, चहाच्या डब्यावर झाकण नुसतं तिरपं टेकवलेलं. चहा करायला घेतला असणार आणि विसरून गेले असणार. मला आयतंच झालं. ट्रे दोन्ही हातांच्या कोपरापुढच्या भागावर तोलून बाहेर आणला. सांडला नाही. त्याचा मला केवढा अभिमान वाटला.

“छान झालाय,” बाई म्हणाल्या आणि टॅबलेटवर काहीतरी टिपलं.

मी म्हणाले, “आज माझा बरा दिवस आहे. रोज असं नसतं.”

“छान,” त्या पुन्हा म्हणाल्या. बरा दिवस आहे याबद्दल की चहाबद्दल, ते कळलं नाही.

७ मार्च

परवा उठले नाही. काल उठले नाही. आज उठून इथवर आले आहे. चहाचा हिशेब चुकता होतो आहे.

हे बघायला कुणी टॅबलेट घेऊन येत नाही.

३ एप्रिल

नामंजूर.

पत्र असं. ‘अर्जदार नीटनेटक्या पोशाखात व प्रसन्न आढळल्या. तपासणीच्या वेळी त्यांनी कोणाच्याही मदतीशिवाय चहा तयार करून दिला व ट्रे स्वतः वाहून आणला. बंद डबे उघडणे, कपडे घालणे, नळ वापरणे ही कामे स्वतः करतात. वृद्ध वडिलांची देखभाल करतात. सबब अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’

चार वेळा वाचलं. एक वाक्य खोटं सापडावं म्हणून वाचलं, म्हणजे त्या वाक्याला धरून भांडता येईल. नाही सापडलं. सगळी वाक्यं मीच पुरवलेली आहेत. प्रयोगशाळेत असा अहवाल माझ्यासमोर आला असता तर मी खाली सही केली असती.

नाही. केली नसती. एका पट्टीवरून कापडाच्या अख्ख्या ठाणाचा निकाल आम्ही कधी दिला नाही. ठाणाच्या वेगवेगळ्या जागेच्या पट्ट्या कापायच्या, ताणायच्या, आणि सगळ्यात आधी फाटली तीही लिहायची. तीच तर महत्त्वाची. पण मी त्यांना निवडून सर्वांत चांगली पट्टी दिली, तीही इस्त्री करून. त्यांनी मागितली एकच होती.

म्हणजे दोष कोणाचा? दिवसभर यावर डोकं फिरवलं. त्यांचा आहे असं म्हटलं की बरं वाटतं, म्हणून त्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही.

बाबांना पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, “चहा प्यायला नको होता तिने.”

“तिने काय करायचं होतं मग?”

“नको म्हणाली होती ना आधी. मग नको तर नको.”

‘वृद्ध वडिलांची देखभाल’ हे वाक्य वाचताना मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं. पण ते हलकेच हसले. आजकाल कधीही हसतात.

१० एप्रिल

दादाचा फोन. “भांडत कशाला बसतेस? फेरतपासणी मागणार, ते पुन्हा नाही म्हणणार. संस्थेत आत्ता जागा आहे, पुढे नसेल. आणि बाबांनी किती वर्षं तुझं करायचं?”

“बाबा माझं करत नाहीत, मी बाबांचं करते,” मी म्हणाले. आवाज चढला. मग पुरावा म्हणून सगळं सांगितलं. झाकणं, नळ, गोळ्या, बटणं. “त्यांचं लक्ष राहत नाही रे. मुंग्यांनी जीव नकोसा केलाय.”

तो म्हणाला, “हे आधी नाही का सांगायचं?” बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीचं रखडलं आहे, तो पुढच्या आठवड्यात येऊन त्यांना घेऊन जाणार. तिकडेच करून घेईल, आणि “डोक्याच्या डॉक्टरलाही दाखवून घेऊ.”

फोन ठेवल्यावर चहाडी केल्यासारखं वाटलं. पण कुणीतरी बघायला नको का?

२० एप्रिल

रात्रीच्या गाडीने दादा बाबांना घेऊन गेला.

जायच्या आधी बाबा उगाच घोटाळत होते. स्वयंपाकघरात गेले, परत आले, पुन्हा गेले. दादाने दंडाला धरून बाहेर आणलं, “बाबा, गाडी सुटेल. मी बघतो ते.” आणि खरंच बघितलं त्याने. एकेक डबा, बरण्या, पाण्याच्या बाटल्या. औषधाची बाटलीसुद्धा, बशीतल्या गोळ्या परत भरून. नळ दोन्ही हातांनी आवळले. मला बोलावून दाखवलं, “बघ, आता एक मुंगी आत जाऊ दे, नाव बदलीन.”

मला बरं वाटलं. कुणीतरी माझं ऐकलं होतं.

बाबा दारातून म्हणाले, “खाली मावशींना सांगून ठेवलं आहे.”

“काय सांगून ठेवलं आहे?”

“आपलं, लक्ष असू द्या म्हणून.”

२१ एप्रिल

कसं लिहू ते कळत नाही. क्रमाने लिहिते.

सकाळी उठले, चहाचा डबा घेतला. उघडेना. दुसऱ्या हाताने धरला, टॉवेलने धरला, पोटाशी दाबून धरला. साखरेचा घेतला. तोही नाही. आज दिवस वाईट आहे, म्हटलं, होतं असं. पाणी प्यावं म्हणून नळाकडे गेले. नळ हलेना. बाटलीचं बूच हलेना. गोळी तरी घ्यावी. औषधाची बाटली मुलांना उघडता येऊ नये अशी बनवलेली असते, दाबून फिरवायची. मुलांत माझी गणती झाली. दातांनी प्रयत्न केला आणि दातच दुखला.

दिवस वाईट नव्हता. हे मला तेव्हाच कळलं होतं. बोटं कालच्यासारखीच होती.

आमच्या दाराला बाबा कधी वरची कडी लावत नाहीत, नुसतं लोटून घेतात. मी त्यावरूनही बोलले आहे. काल दादाने जाताना बाहेरून कुलपाचा खटका लावून घेतला होता, आतून मूठ फिरवायची असते. फिरली नाही. मी माझ्याच घरात तहानलेली उभी होते आणि एकाही वस्तूला माझं ऐकायचं नव्हतं. झारा घेऊन जमिनीवर ठोकलं.

मावशी बाबांनी देऊन ठेवलेल्या दुसऱ्या किल्लीने दार उघडून आल्या. काही न विचारता आधी नळ सोडला, भांडं भरून दिलं, गोळी काढून दिली. मग डब्यांकडे वळल्या आणि एकेक कट कट कट उघडत गेल्या.

“कुणी आवळली ही एवढी?”

“दादाने. बाबा सैल ठेवतात ना, विसरतात…”

मावशींचा हात थांबला. माझ्याकडे वळून बघितलं.

“विसरतात?”

“हो, वय झालं आता.”

“अगं, बाई माझे,” मावशी म्हणाल्या, आणि स्टुलावर बसल्या. “नवीन बरणी आली की तुझे बाबा पिशवीत घालून माझ्याकडे आणतात. त्यांच्याही हातात कुठे आता एवढा जोर? मी उघडते, ते परत अलगद लावतात आणि वर घेऊन जातात. केव्हाचं चाललंय हे. मला वाटलं तुला माहीत आहे.”

मी म्हणाले, “हो, म्हणजे, माहीतच आहे.”

का म्हणाले असं?

२५ एप्रिल

घरात फिरून बघते आहे. जिकडे बघावं तिकडे त्यांचा हात. खुर्चीच्या पायांखाली ठोकलेल्या लाकडी चकत्या, तेवढी उंच झाली की उठताना गुडघा वाचतो. कपाटाच्या मुठीला बांधलेली सुतळीची वेटोळी. माझी बशी. माझी दोन उघडी बटणं. भांड्यात काढून ठेवलेलं तिघांपुरतं पाणी.

कृतज्ञ व्हायला हवं होतं. आधी राग आला, हे इथे लिहून ठेवते. मला न विचारता माझं आयुष्य सैल करून ठेवलं. मी आपली समजत होते माझं मी करते आहे. यंत्रात पट्टी ताणायला लावली आणि खालून कुणी हात देऊन ठेवला, की आकडा फार सुंदर येतो. तो आकडा मी अर्जावर लिहिला. माझ्या होयपैकी निम्मे होय त्यांचे होते.

आणि वर त्यांच्या नावाने लिहिलं, विसरभोळे. मी लक्ष देते.

आज फेरतपासणीचा अर्ज लिहिला. ‘आधीच्या अर्जात मी दिलेली माहिती चुकीची होती.’ हे वाक्य खोडून पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं, शेवटी ठेवलं. आता त्यांना वाटेल, ही बाई आधी खरं बोलत होती आणि नकार आल्यावर खोटं बोलायला शिकली. त्यांच्या जागी मला तसंच वाटलं असतं.

दादाला फोन केला नाही. ‘डोक्याच्या डॉक्टर’कडे नेऊ नकोस एवढंच कळवलं. का, म्हणून त्याने विचारलं. तूर्त खर्च नको, असं लिहिलं.

६ मे

बाबा परत आले. डोळ्यावर काळा चष्मा, दिसतात एखाद्या गुप्तहेरासारखे. मावशींनी जिन्यातच विचारलं, “काय हो, कुणाच्या मागावर?” बाबा म्हणाले, “तुमच्याच. इस्त्रीत शर्ट जाळलात माझा.”

जेवण झाल्यावर ते स्वयंपाकघरात गेले. मी बाहेर बसून ऐकलं. कट. मग जरा शांतता. कट. एका झाकणाशी बराच वेळ झगडत होते. मग कापडी पिशवीचा आवाज, आणि दारात येऊन म्हणाले, “जरा पाय मोकळे करून येतो खाली.”

“या,” मी म्हणाले.

पिशवीत गोल काहीतरी होतं. मी पुस्तकात डोकं घातलं होतं, पान उलटायला विसरले.

१९ मे

फेरतपासणी उद्या. या वेळी दुसरे तपासनीस येणार, आणि पत्रात लिहिलं आहे, ‘दैनंदिन कृती प्रत्यक्ष करून दाखवाव्या लागतील.’

संध्याकाळी बाबांना सांगितलं. कितीतरी दिवस मनात जुळवत होते, तरी तोंडातून वाकडंच निघालं.

“बाबा, उद्या ते यायच्या आधी झाकणं घट्ट लावून ठेवा. सगळी. नळही.”

“कुठली झाकणं?”

“तुम्हाला माहीत आहे कुठली.”

काळा चष्मा आता गेला आहे, साधा आहे. तो काढून ते पुसत बसले. “मावशी बोलली?”

“दादाने लावून ठेवली होती ना जाताना. कळलं मला.”

“गाढव आहे तो.”

“त्याला मीच सांगितलं होतं.”

“मग तू.” हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “म्हणजे तो माणूस तुला म्हणणार, उघडा.”

“हो.”

“आणि तुला उघडणार नाही.”

“तेच तर दाखवायचं आहे.”

“परक्या माणसापुढे तू हात पिळत बसणार. मी खुर्चीवर बसून बघणार. आणि ते झाकण मी आवळलेलं असणार.” त्यांनी मान हलवली. “मला नाही जमायचं.”

“जमायचं नाही, की करणार नाही?”

“दोन्ही,” म्हणाले.

मी संस्थेचं माहितीपत्रक आणून त्यांच्यासमोर ठेवलं. ते हसणाऱ्या बाईकडे बघत राहिले. म्हणाले, “ही कशाला हसतेय?” आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

आत्ता हे लिहिताना आतून आवाज येतो आहे. कट. कट. रोजच्यापेक्षा जास्त वेळ चाललं आहे. उद्या माझी परीक्षा म्हणून आज नीट तयारी करून ठेवताहेत, मला एकही अडू नये अशी. म्हातारपणी माणूस हटवादी होतो, दुसरं काय.

माझ्या मनातला वाद वेगळाच आहे. मुद्दाम आवळून ठेवलेलं झाकण तपासनिसापुढे ठेवणं म्हणजे मावशींच्या नणंदेची आंघोळ नव्हे का? दोन दिवस हाच प्रश्न. पण दुकानातून डबा येतो तो घट्टच येतो. जगातली सगळी झाकणं घट्ट आहेत. सैल फक्त या घरात आहेत, आणि तीही एका माणसाच्या हातात जोर आहे तोवर, तो नसेल तेव्हा मावशींच्या. नमुना तपासायचा तर खालचा हात काढून घ्यायला लागतो. तो हात आपणहून निघणार नाही.

मला आवळता येत नाहीत, बाबा आवळणार नाहीत.

उद्या: बाबा सकाळी फिरायला बाहेर पडले की मावशींना वर बोलावून सगळी झाकणं घट्ट लावून घेणे, औषधाची बाटलीसुद्धा.